भाकरीचा तुकडा कुठे पडतो

मिरचीच्या पथारीवर कुत्र्याला दगड मारता येत नाही. ढेकूळही मारता येत नाही. मारलेला दगड मिरचीत राहतो, मिरचीबरोबर पोत्यात जातो आणि घेणाऱ्याच्या चाळणीवर निघाला की साऱ्या मालावर शंका येते. म्हणून नंदुरबारच्या पथारींवर कुत्रं हाकलायची रीत वेगळी आहे. कामावरच्या बाईच्या ओच्यात किंवा डब्यात भाकरीचा तुकडा असतो. तो ती पथारीच्या बाहेर, कडेच्या गवतात भिरकावते. कुत्रं तुकड्यामागे जातं आणि मिरची मोकळी होते. मी ही रीत वीसेक हिवाळे पाहिली होती. त्यात काही चुकतं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

माझं घर गावाच्या टोकाला आहे. मागच्या भिंतीपलीकडे एका व्यापाऱ्याची पथारी आहे. पथारी म्हणजे चोपून सारखं केलेलं मोकळं मैदान. दिवाळीच्या सुमारास बाजारात ओली लाल मिरची यायला लागली की ती इथे अंथरली जाते आणि होळीपर्यंत वाळत असते. रोज तीसेक बाया येतात. तोंडाला फडकं बांधून मिरची उलटवतात आणि पांढरी पडलेली फटकी मिरची वेचून बाजूला काढतात. अंथरलेल्या मिरचीभोवती ट्रॅक्टर फिरेल एवढी वाट सोडलेली असते. फाटकापाशी पत्र्याची शेड, त्यात राखणदाराची खाट.

राखणदार पासष्टीच्या पुढचा होता. शहाद्याकडच्या एका गावचा. सगळे त्याला बाबा म्हणत. उमेदीची वर्षं त्याने कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्राशेजारी काढली होती आणि त्यात त्याचे कान गेले होते. अगदी पूर्ण नव्हे. समोर उभं राहून, ओठ दिसतील असं बोललं तर त्याला बहुतेक कळायचं. पाठीमागून ट्रक आला तरी कळत नसे. ही गोष्ट पथारीच्या मालकाला ठाऊक नव्हती. बायांच्या मुकादमिणीला ठाऊक होती, आणि मला. मला ती माझ्या गच्चीवरून कळली. मी भिंतीवरून हाक मारली की बाबा वळून बघत नसे. त्याच्या शेजारी बसलेली एक कुत्री आधी उठायची, त्याच्या गुडघ्याला नाक लावायची, मग तो मान वर करायचा.

ही कुत्री आदल्या हंगामात रिकाम्या बारदानांच्या थप्पीमागे जन्मली होती. तपकिरी अंग, छातीवर पांढरा पट्टा. बाकीची पिल्लं लोकांनी नेली, ही राहिली. तिला नाव नव्हतं. फाटकाची साखळी वाजली, वाहन आलं, कुंपणाशी कोणी उभं राहिलं की ती बाबाकडे जाऊन गुडघ्याला नाक लावत असे. हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. मालक मात्र म्हाताऱ्याचे कान फार तिखट आहेत असं चारचौघांत सांगत असे.

त्या हिवाळ्यात मालकाने एका नव्या घेणाऱ्याशी बोलणी केली होती. सुरतेकडचा मसाल्याचा कारखाना होता. त्यांचा माणूस महिनाभरात पथारी बघायला येणार होता, आणि तो मालात केस, माती, जनावराचा माग बघतो असं मालकाच्या कानावर होतं. दुसऱ्याच दिवशी मालकाला कुत्री मिरचीच्या मधोमध उभी दिसली. त्याने मुकादमिणीला बोलावून सांगितलं की माणूस येईपर्यंत कुत्री मिरचीवरून हटली पाहिजे, नाहीतर आपण तिला माल उतरवून परतणाऱ्या टेम्पोत घालून तापीच्या पुलापलीकडे सोडायला लावू. मालक दुष्ट नव्हता. तो हे बोलताना कुत्रीकडे बघत नव्हता.

मुकादमिणीने ते बाबाला समोर उभं राहून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. कुत्री गेली तर तिच्यामागे आठवड्याभरात आपणही जाऊ, हे बाबाला सांगावं लागलं नाही. गावी मुलाच्या घरात दोन खोल्या होत्या आणि सहा माणसं. पथारीवर त्याला स्वतःची खाट होती, चूल होती, आणि दिवसभर कोणी त्याला बाजूला सरक म्हणत नव्हतं.

संध्याकाळी तो भिंतीशी आला. मी एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात बातम्यांच्या टेबलावर काम करत असे. वाचून झालेले अंक मी त्याला देत असे, आणि तो ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. ऐकू येत नसल्यामुळे त्याच्याकडे वाचायला वेळ होता.

“भाऊ, तुम्हीन पेपरमा कुत्रासना लेख छापतस ना?” त्याने विचारलं.

पुरवणीत असं सदर काही महिने आलं होतं. जनावरांचे एक डॉक्टर ते लिहीत आणि मी संपादन करत असे. कुत्र्याला मारून, कोंडून, उपाशी ठेवून शिकवू नका. त्याच्याशी आधी नातं जोडा, तुम्हाला हवं ते त्याच्या हातून घडलं की लगेच मोबदला द्या, असा त्याचा एकंदर रोख होता. मी मजकूर नीट केला होता, मथळे दिले होते. माझ्या घरी कुत्रं नव्हतं. बाबाला मी हे सांगितलं. त्याने मान हलवली, तरीही तो तिथेच उभा राहिला.

सदरातलं काही करून बघण्याआधी दुसरे उपाय झाले. मुकादमिणीने लोढणं सुचवलं. गावाकडे पिकात शिरणाऱ्या ढोराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात, तसा एक लहान ओंडका कुत्रीच्या गळ्यात बांधला. ती तो ओढत मिरचीवरून गेली आणि अंथरलेल्या मिरचीत सरळ चर पडला. तो सारखा करायला चार बायांचा अर्धा तास गेला. दुपारच्या आत लोढणं सुटलं. टेम्पोच्या ड्रायव्हरचं मत असं की कुत्र्याला रोज मिरची चारली की ते तापट होतं आणि आपोआप फाटकाशी राहतं. “वाघीन व्हई जाई,” तो म्हणाला. मुकादमीण म्हणाली, “मिरचीवरच ऱ्हास ती. आखो कितली चारू?”

मग बाबाने माझं ऐकलं. मी सदरात वाचलं होतं तेच सांगितलं. कुत्री मिरचीवर दिसली की ओरडू नये, मांडीवर थाप मारून बोलवावं, आली की हातातून भाकर द्यावी आणि कानामागे खाजवावं. बाबाला हे सोपं होतं. त्याला स्वतःच्या आवाजाचा अंदाज येत नसल्यामुळे तो आधीपासूनच तिच्याशी हाताने बोलत असे. दोन दिवसांत ती मिरचीच्या मधून, मान खाली घालून, थेट त्याच्याकडे धावत यायला लागली. बाया कौतुकाने बघत. मलाही समाधान वाटलं.

पाचव्या दिवशी सुट्टी होती. मी सकाळभर गच्चीवर बसून मोजलं. जुन्या प्रुफाच्या पाठीमागे रेघा ओढत गेलो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती चौदा वेळा मिरचीवर गेली. बोलवायला सुरुवात करण्याआधी मी असंच एकदा मोजलं होतं, तेव्हा रेघा सहा होत्या.

मोजणं थांबवून मी नुसतं बघत राहिलो. ती कडेवरून मिरचीवर पाय टाकायची, पाच-सात पावलं जायची आणि थांबायची. तिला पलीकडे कुठे जायचं नसायचं. ती वळून बाबाकडे बघायची. त्याचं लक्ष नसेल तर जवळच्या बाईकडे बघायची. बाबाने थाप मारली की धावत यायची, भाकर खायची, थोडा वेळ पंजे चाटत बसायची, आणि पुन्हा निघायची. मिरची ही तिच्या दृष्टीने भाकर मागायची जागा होती. बायांनी तिला हे दीड हंगाम शिकवलं होतं, रोज, न चुकता. माझ्या सांगण्यावरून बाबाने तेच अधिक चांगलं शिकवलं.

मी खाली जाऊन मुकादमिणीला हे सांगितलं. तिने मला दोनदा सांगायला लावलं. मग फडकं तोंडावरून खाली ओढून ती हसली.

“म्हंजे आम्हीन शिकाडं तिले,” ती म्हणाली. “मंग हुशार कोन? ती का आम्हीन?”

नवीन बेत तिघांनी मिळून ठरवला. शेडजवळ, मिरचीच्या कडेपासून दोन हात बाहेर, एक जुनं बारदान अंथरलं. भाकर मिळेल ती फक्त कुत्रीचे चारही पाय बारदानावर असताना. मिरचीवर असताना काहीच मिळणार नाही. तुकडा नाही, हाक नाही, शिवी नाही, नजरही नाही. बायांनी ती तिथे नाहीच असं समजून मिरची उलटवत राहायचं.

अवघड भाग नजरेचा होता. तीस बाया, त्यांतल्या निम्म्या डोंगराकडच्या गावांतून येणाऱ्या, आपसांत वेगळी भाषा बोलणाऱ्या. मुकादमिणीने प्रत्येकीला वेगळं गाठून सांगितलं. जेवताना जिचा तिचा तुकडा बाबाजवळच्या रिकाम्या तेलाच्या डब्यात टाकायचा, असा नियम केला. एका वयस्क बाईने नकार दिला. मुक्या जनावराला आपल्या हाताने घास दिल्याशिवाय मी जेवत नाही, लग्न झाल्यापासून नाही, असं तिचं म्हणणं होतं. मुकादमिणीने तिचा हात उलटा करून तिलाच दाखवला. बोटांच्या पेरांत लाल बुकणी बसलेली होती.

“तुन्हा हातना घास तिले आग लावस,” ती म्हणाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की बायांनी टाकलेला तुकडा कुत्री लगेच खात नसे. गवतात घासून, थोडा वेळ ठेवून मग खायची. बाबा मिरचीला हात लावत नव्हता. त्याच्या हातचं ती तिथेच खायची. त्या दिवसापासून वयस्क बाई जेवायच्या आधी घरून वेगळ्या फडक्यात बांधून आणलेला तुकडा उलगडून डब्यात टाकायला लागली.

पहिल्या दिवशी कुत्री मिरचीवर गेली, थांबली, वळून बघितलं. कोणी बघितलं नाही. ती बराच वेळ उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ती अधिक आत गेली. तिसऱ्या दिवशी मिरचीच्या ऐन मध्यावर बसून भुंकायला लागली. याआधी ती मिरचीवर कधी भुंकलेली नव्हती. नेमका त्याच वेळी मालक आला. तो कडेला उभा राहून ते बघत राहिला. मुकादमीण सांगायला पुढे झाली, त्याने हात वर करून तिला थांबवलं. घेणारा माणूस पुढच्या शनिवारी येणार असल्याचं त्याने सांगितलं. जाताना म्हणाला, “टेम्पो बी शनिवारी रिकामाच जास.”

बाबाचा हात डब्याकडे गेला होता. मी भिंतीवरून नाही म्हणून खूण केली. मला खात्री होती म्हणून नव्हे. डॉक्टरांच्या एका लेखात असं होतं की मिळणारी गोष्ट मिळेनाशी झाली की कुत्रं आधी जास्त जोर करून बघतं, त्या वेळी धीर सोडू नये. त्या तीन ओळी मी जागेअभावी कापल्या होत्या. कापलेल्या होत्या म्हणूनच माझ्या लक्षात राहिल्या असाव्यात.

बाबाने हात मांडीखाली घेतला आणि तो जमिनीकडे बघत बसला. त्याला भुंकणं ऐकू येत नव्हतं, एवढी त्यातल्या त्यात सोय होती. कुत्री भुंकायची थांबली. उठली, मिरचीवरून कडेला आली, इकडे तिकडे हुंगलं आणि बारदानावर येऊन उभी राहिली. बाबाने तिला हरभऱ्याएवढे तुकडे एकामागून एक दिले. मी मोजले नाहीत.

त्यानंतरचे दिवस शांत गेले. ती मिरचीवर जायची, पण लवकर परत यायची. मग नुसता एक पाय टाकून मागे घ्यायची. मग दुपारभर बारदानावर पडून राहायला लागली. बाबाने खाटेवर बसायचं सोडलं, बारदानाशेजारी जमिनीवर बसायला लागला. त्याने मला काही गोष्टी दाखवल्या, ज्या सदरात आलेल्या नव्हत्या. हात वरून डोक्याकडे नेला तर ती मान चोरते. खालून हनुवटीकडे नेला तर पुढे येते. खाजवणं पुरे झालं की ती जीभ नाकावर फिरवते, तेव्हा थांबायचं. तो थांबत असे, आणि मग ती स्वतःहून जवळ सरकत असे. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसत. त्याला दुसरा इलाज नव्हता आणि तिला तशी सवय झाली होती.

शनिवारला चार दिवस राहिले असताना बाबा पुन्हा भिंतीशी आला. त्याने विचारलेली गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. कुत्रीला आपण बसून राहायचं शिकवलं. बसून राहिलं की भाकर. मग फाटकाशी कोणी आलं तर ती उठणार का?

“ती बठीच ऱ्हायनी तं माले कोन सांगी?” तो म्हणाला.

सदरात बहिऱ्या माणसाचा उल्लेख नव्हता. बाबानेच ठरवलं की ती गुडघ्याला नाक लावील तेव्हाही भाकर द्यायची, कुठेही असली तरी, आणि बारदानावर देतो त्यापेक्षा मोठी. मुकादमीण दिवसातून चार-पाच वेळा एखाद्या बाईला फाटकाची साखळी वाजवायला पाठवी. बाबा पाठ करून बसायचा. पहिल्या दिवशी कुत्री साखळीच्या आवाजाने मान वर करून बाबाकडे बघत राहिली, उठली नाही. तो वळला नाही. दुसऱ्या दिवशी ती उठली आणि नाक लावलं. भाकर मिळाली. पण या सगळ्या वेळी बाबा बारदानापासून दोन पावलांवर होता. तो पथारीच्या पलीकडच्या टोकाला असेल तर काय होईल, हे बघायला वेळ उरला नाही. कुत्रीचा सरळ रस्ता मिरचीवरून होता.

शनिवारी मी घरी होतो. बाबा पलीकडच्या टोकाला, शेडपासून सगळ्यात लांब, रिकाम्या पोत्यांची तोंडं दुमडून ठेवत होता. ते काम मालकानेच सकाळी फोनवरून मुकादमिणीमार्फत सांगितलं होतं. बाबाची पाठ फाटकाकडे होती. कुत्री बारदानावर होती. बाया मिरची उलटवत होत्या. मध्ये तांबडी मिरची पूर्ण अंथरलेली.

मालकाची गाडी फाटकाशी थांबली. साखळी वाजली. मालक आणि घेणारा माणूस आत आले आणि कडेच्या वाटेने चालायला लागले. मालकाने बाबाला हाक मारली. बाबा पोतं दुमडत होता.

कुत्री उठली. बारदानावरून उतरली, मिरचीच्या कडेपर्यंत गेली आणि पुढचा एक पाय मिरचीवर ठेवला. मुकादमिणीने काम थांबवलं नाही, पण तिच्या हातातलं दाताळं एकाच जागी फिरायला लागलं. कुत्रीने पलीकडे बाबाकडे बघितलं. पाय मागे घेतला. मग ती ट्रॅक्टरच्या चाकोरीतून निघाली. एक पूर्ण बाजू, मग कोपरा, मग दुसरी बाजू. ती मालकाच्या आणि पाहुण्याच्या पायांजवळून पुढे गेली. मालकाने दुसरी हाक मारली, तेव्हा तो बाबापासून वीस पावलांवर असेल. बाबा वळला नाही. कुत्री पोहोचली आणि वाकलेल्या बाबाच्या गुडघ्याला मागून नाक लावलं.

बाबाने आधी खिशात हात घालून तिला भाकर दिली. मग वळून बघितलं.

घेणारा माणूस खाली बसून मिरची मोडून बघत होता, बिया तळहातावर घेऊन वास घेत होता. त्याने कुत्री कोणाची म्हणून विचारलं. मालक म्हणाला, “पथारीनी शे.” पाहुण्याने चार ठिकाणची मिरची पिशवीत घेतली आणि चहा न घेता गेला.

मालक मात्र गेला नाही. त्याचा धंदा डोळ्यांचा आहे. मिरचीचा देठ बघून ती किती दिवस वाळली हे तो सांगतो. तो चालत जाऊन बाबाच्या समोर उभा राहिला, नेहमीपेक्षा जवळ, आणि सावकाश विचारलं की किती दिवसांपासून ऐकू येत नाही. मी गच्चीवरून खाली उतरून भिंतीशी आलो होतो, त्यामुळे मला पुढचं ऐकू आलं.

बाबाने जिनिंगचं सांगितलं. लपवल्याचंही सांगितलं. मग म्हणाला, “मी एकला राखत नही, शेठ. आम्हीन दोन्ही राखतस.”

मालक कुत्रीकडे बघत होता. ती जमिनीवर सांडलेले कण टिपत होती. मग त्याने मुकादमिणीला विचारलं की हे तुला माहीत होतं का. ती म्हणाली, होतं. त्याने मला विचारलं नाही. दुपारी माल उतरवून टेम्पो निघाला, तेव्हा ड्रायव्हरने शेडपाशी गाडी थांबवून मालकाकडे बघितलं. मालकाने हातानेच त्याला जायला सांगितलं. टेम्पो रिकामा गेला.

सुरतेचा सौदा झाला की नाही हे मी विचारलं नाही, आणि ते मला कोणी सांगितलंही नाही. बाबा होळीपर्यंत पथारीवर राहिला आणि पुढच्या हंगामालाही आला.

मालक आता येतो तेव्हा गाडी फाटकाबाहेर उभी करतो. साखळी वाजवतो आणि बाहेरच थांबतो. बाबा जवळ असला तर लगेच फाटक उघडतं. तो पलीकडच्या टोकाला असला तर कुत्रीला पूर्ण कडेने फिरून जावं लागतं, मग बाबाला फिरून यावं लागतं. तेवढा वेळ मालक फाटकाशी उभा असतो, आणि मिरचीकडे बघत राहतो.